त्याचं आढं, माझी कौलं

अण्णा,

पत्राच्या वरती काय काय लिहायचं असतं ते मला पाठ आहे, तुम्हीच घोटून घेतलंय, पण आज ते सगळं गाळते. मला भांडायचं आहे, आणि भांडणाआधी कुणी पाया पडत नाही. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली की तुम्ही जेवढे होतात त्याहून मी आता वयानं मोठी झाले. मधे मोठी लढाई होऊन गेली, रॉकेलला रांगा लागल्या, कागद मिळेनासा झाला, स्वराज्य येणार येणार म्हणून खानापुरात कट्ट्याकट्ट्यावर बोलणी चालली आहेत, आणि मी मुलींच्या शाळेत अजून तुमचाच धडा शिकवते आहे. आज सातवीतल्या एका पोरीनं पाणी उकळण्याच्या प्रयोगाची हकिकत लिहून आणली. साधी, कुठं नटवणं-सजवणं नाही. मी ती वाचली आणि माझ्या तोंडून आपसूक गेलं, “उभं राहिलं.” पोरगी लाजली, शेजारणीला कोपर मारलं आणि जागेवर जाऊन बसली. तुम्हाला खरं वाटणार नाही, पण मला त्या पोरीचा हेवा वाटला. ते शब्द तिला मीच दिले होते, तरी वाटला. कारण मुळात ते तुमचे शब्द, आणि तुम्ही ते मला कधी दिले नाहीत. वर्ग सुटल्यावर मी हे लिहायला बसले.

तुमचा तो धडा मी काही विसरलेली नाही. फायनलच्या, म्हणजे सातवीच्या, वर्गातली पोरं तुमच्याकडे रडत यायची, की मास्तर, निबंध वेगळा, इतिहासाचं उत्तर वेगळं, भूमितीचा सिद्धांत वेगळा, प्रयोगाची हकिकत वेगळी, एवढं डोक्यात राहायचं कसं? तुम्ही त्यांना वर्गातून उठवून रस्त्यावर नेऊन उभं करायचात. समोर गुरांचा गोठा, पलीकडे कचेरी, अलीकडे देऊळ आणि पाठीमागं आपली शाळा. “ह्या चारींत सारखं काय हाय?” पोरं भिंती बघायची, दारं बघायची. कुणीतरी म्हणायचं, काहीच नाही, गोठ्यात शेण आणि देवळात देव. मग तुम्ही छपराकडे बोट करायचात. “मधी एक आढं. आढ्याला दोन्ही अंगांनी टेकल्याले वासे. वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. आत गुरं बांधा न्हाईतर देव बसवा, ह्यात बदल न्हाय.” वर्गात तुम्ही पुस्तकी मराठी बोलायचात, पण हा धडा आला की घरची बोली तुमच्या तोंडात यायची. आढं म्हणजे आपल्याला जे म्हणायचं आहे ते एक वाक्य. वासे म्हणजे त्याला धरून ठेवणारी कारणं. आणि वासे दोन्ही बाजूंनी हवेत, इथं तुम्ही फार कडक होतात. आपल्याच बाजूचे तेवढे टाकले तर ती पडवी होते, घर होत नाही. समोरचा काय म्हणेल तेही लिहायचं, त्याला उत्तरही द्यायचं, तेव्हा कुठं आढं मधोमध तोललं जातं. शब्द म्हणजे कौलं, ती सगळ्यांत शेवटी. कुणाचं लिहिणं मनासारखं उतरलं की कागद परत देताना तुम्ही एवढंच म्हणायचात, “उभं राहिलं.” शाबासकी नाही, पाठ थोपटणं नाही. आणि आम्ही सगळी पोरं तेवढ्यासाठी जीव टाकायचो. मी जरा जास्तच टाकायचे, कारण मास्तरांची मुलगी म्हणून मला वाटायचं माझा त्यावर हक्क आहे.

मी सहावीत होते त्या वर्षी तो आला; तुमच्या वर्गात सहावी आणि फायनल एकत्रच बसायची. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याचे वडील नव्या वखारीसाठी लाकूड बघायला खानापुरात आले होते, भर रस्त्यात उभा राहून छपरांवर बोलणारा मास्तर त्यांना दिसला, आणि ते पोरांच्या मागं थांबून सगळं ऐकत राहिले. त्यांचा मुलगा फायनलला एकदा नापास झालेला. घरी कानडी, बाजारात निम्मी कानडी, मराठी शाळेपुरती. आठच दिवसांत मुलगा आणि त्याची वळकटी घेऊन ते आपल्या ओसरीवर हजर. “मास्तर, ह्येला तुमच्यापाशी ठेवून घ्या. फकस्त एक अडचण हाय. आम्ही जैन. दिवस मावळल्यावर ह्यो जेवत न्हाय. कांदा-लसूण, बटाटा न्हाय चालत.” आईनं आतून जोरात मान हलवली, म्हणजे नको. आपलं शेतकऱ्याचं घर, रविवारी कोंबडं नाहीतर लोंढ्याहून आलेली मासळी ठरलेली. तुम्ही मागं वळून बघितलंसुद्धा नाही. “ह्यो हितं हाय तवर ह्येला चालत न्हाय ते माझ्या चुलीवर शिजणार न्हाय,” म्हणालात आणि मोकळे झालात. कुंभाराकडून नवी मडकी आली, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं जायला लागलं, आणि रविवार इतर वारांसारखाच होऊन बसला. मी मासळीसाठी रडले असं आई पुढं सगळ्यांना हसून सांगायची. मीही तिला तसंच समजू दिलं.

मासळीचं मला काही नव्हतं. मला होतं ते तुमच्या जेवणाचं. तो येण्याआधी तुम्ही शाळा सुटल्यावर शेताकडे चक्कर मारायचात, कुणाचं भांडण मिटवायचात आणि दिवे लागल्यावर घरी यायचात. तुम्ही जेवायला बसलात की मी ताटाशी बसून तुमच्याशी बोलायचे. दिवसभर शाळेत मला तुम्हाला ‘मास्तर’ म्हणावं लागे. ‘अण्णा’ म्हणायला ती एक जागा होती. तो आल्यावर तुम्ही उन्हं कलायच्या आत घरी यायला लागलात. परक्या घरी पोरगं एकटं कसं जेवेल, म्हणून त्याच्या शेजारी स्वतःचा पाट मांडायला लागलात. मी आईच्या हाताशी, चुलीपासून तुमच्या ताटांपर्यंत भाकऱ्या पोचवायला. पावसाळ्यात तर कहरच. आपल्याकडे आठ आठ दिवस सूर्य दिसत नाही, मग दिवस मावळला की नाही हे ठरवायचं कसं? तुम्ही मला परसात पिटाळायचात. “बाय, कोंबड्या खुराड्यात गेल्या का बघ गं.” मी भिजत परसात जायचे. कोंबड्या बाहेर असल्या तर तो जेवणार, आत गेल्या असल्या तर तो उपाशी राहणार आणि तुम्ही दोन घास खाऊन उठणार. त्याच्यामुळं जीव वाचलेल्या त्या कोंबड्या, त्याच त्याच्यासाठी घड्याळ झाल्या होत्या! मला आयुष्यात कोंबड्यांचा एवढा राग कधी आला नाही. जेवण झालं की उरलेल्या उजेडात तुम्ही त्याला ओसरीवर घेऊन बसायचात, आणि ‘ह्यात आढं कुठंय?’ सुरू व्हायचं. मी आत भांडी घासत ऐकत असायचे. आईनं त्याला मला ‘आक्का’ म्हणायला शिकवलं होतं, वयानं तो माझ्याएवढाच असून. “आक्का, थोडं ताक वाढतीस काय?” मी ताक वाढायचे. त्याला मात्र मी कुठल्याच नावानं कधी हाक मारली नाही.

वर्गातला एक दिवस मला अजून झोंबतो. तुम्ही फळ्यावर हरभऱ्याचा प्रयोग लिहिला आहे. एका वाटीत ओल्या फडक्यात हरभरे, दुसऱ्या वाटीत कोरडे. तुम्ही विचारता, ह्यात वासे कुठले? मी हात वर करते, सांगते, ओल्या वाटीला मोड आले हा वासा. “बरोबर. आणि दुसऱ्या अंगाचा?” मी पुन्हा फळ्यावर शोधायला लागते. मग मागच्या बाकावरून तो उठतो, नेहमीसारखा सदरा खाली ओढत. “मास्तर, कोरडी वाटी. कुणी म्हटलं, मोड पाण्यानं न्हाय आली, आपली आपण आली, तर त्याला दाखवायला ती ठेवल्याली हाय.” एवढ्यावर बसावं ना? नाही. पुढं म्हणतो, “आणि भूमितीत आपण ‘समजा तसं नाही’ म्हणून सुरवात करतो, ते बी कोरडी वाटीच की.” तुम्ही खडू खाली ठेवलात. शिकवताना तुम्ही कधी खडू खाली ठेवत नव्हतात. बाकांमधून चालत त्याच्यापर्यंत गेलात, त्याच्या खांद्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “हे माझ्या बी ध्यानात आलं नव्हतं रं.” माझ्या अंगाची लाही लाही झाली. त्याला उत्तर आलं ह्याचं मला एवढं काही नव्हतं. तुम्ही त्याच्याकडून काहीतरी शिकलात, हे मला सहन झालं नाही. माझ्याकडून तुम्ही तोवर काही शिकला नव्हतात, आणि पुढंही तशी वेळ आली नाही.

त्यानंतर मलप्रभा नदीवरचा निबंध. मी ठरवूनच बसले होते. पहाटेचं धुकं, घाटावरच्या बायकांच्या बांगड्या, पाण्यात हलणारं देवळाचं शिखर, काय काय म्हणून घातलं नव्हतं. तुम्ही वाचताना तुमचे ओठ हलत होते, तुम्हाला आवडलं होतं, मी समोरून बघत होते. वाचून झाल्यावर तुम्ही म्हणालात, “कौलं लई झ्याक हायेत. एकेक वाजवून घेतल्यागत.” मी हसायला लागणार तेवढ्यात, “पर बाय, ही ठेवलीस कशावर? हवेत?” वर्ग खो खो हसला. तो हसला नाही, खाली बाकाकडे बघत राहिला, आणि त्याच्या त्या न हसण्यानं मला जास्त लागलं. मग तुम्ही त्याचा कागद उचललात. नदीला पूर येतो म्हणून खानापूरचं भात पिकतं, हे त्याचं आढं. पुरानं काठची घरं जातात हे दुसऱ्या बाजूला कबूल केलेलं, आणि तरी लोक काठ का सोडत नाहीत ह्याचं उत्तर. भाषा अशी की वाचताना खडे लागावेत, भिंत पडला आणि बांध फुटली. तुम्ही म्हणालात, “उभं राहिलं.” माझ्या नदीवर, अण्णा! जिच्यात मी पोहायला शिकले तिच्यावर, आणि त्यानं ती पुरते सहा महिनेही बघितली नव्हती. मग मी हट्टानं तुमच्या म्हणण्याप्रमाणं लिहायला लागले, आधी आढं, मग वासे, मोजूनमापून. तर तुम्ही कागद उलटसुलट करून विचारलंत, “आता समदं हाय, पर तुझी कौलं कुठं गेली?” त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही, आणि तुमच्या ते लक्षातही आलं नाही, कारण संध्याकाळी तुम्ही त्याच्यासोबत जेवत होतात.

तो पास झाला. त्याचे वडील पेढे आणि आईला लुगडं घेऊन न्यायला आले. पाऊस लागलेला होता. तो गाडीत बसताना तुम्ही खुंटीवरची छत्री काढलीत, वेताच्या मुठीची, घरात तेवढी एकच, आणि त्याच्या हातात दिलीत. ज्यांच्या घरी छत्र्या टांगायला खुंट्या पुरत नसतील त्यांच्या पोराला! तो सगळा पावसाळा तुम्ही पानांचं इरलं डोक्यावर घेऊन शाळेत गेलात. लोक हसायचे, मास्तर आज भातलावणीला निघाले काय म्हणायचे, आणि तुम्हीही त्यांच्यात हसायचात. मग तुम्हाला थंडी वाजून ताप यायला लागला. डॉक्टर म्हणाले हिवताप. आपल्या रानकाठच्या गावात दर साली निम्म्या घरांत माणसं कुडकुडत पडतात, त्याला छत्री असली काय आणि नसली काय, हे मला कळतं. मी शाळेत आरोग्याचा धडा शिकवते. तरीही तुमचा तो ताप मी छत्रीच्याच माथी मारून ठेवला आहे आणि तिथून तो मी काढणार नाही.

तुम्ही खाटेवर होतात तेव्हा माझी फायनल जवळ आली होती. एका दुपारी मी इतिहासाचं उत्तर लिहून तुम्हाला वाचून दाखवायला बसले. मराठे पानिपतात का हरले. त्यात आढं होतं, दोन्ही बाजू होत्या, आणि माझी कौलंही मी परत आणली होती. मला माहीत होतं की हे चांगलं झालंय. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात, मधेच मान हलवत होतात. शेवटचं वाक्य वाचून मी थांबले. तुम्ही डोळे उघडलेत, खिडकीकडे बघितलंत आणि म्हणालात, “दिवस मावळाय लागला. त्येला वाढलं का?” तो जाऊन कितीतरी महिने झाले होते. बाहेर चांगलं ऊन होतं. “ऊन हाय तवर वाढा त्येला, उपाशी ऱ्हाईल,” तुम्ही म्हणत राहिलात, उठायला बघायला लागलात. मी तुम्हाला धरून परत निजवलं. “वाढलं, अण्णा. जेवला त्यो,” मी सांगितलं. तेव्हा कुठं तुम्ही शांत झालात. ते माझं उत्तर तुमच्यापर्यंत पोचलं होतं की नाही, हे मी कुणाला विचारू? दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

दुसऱ्या बाजूचे वासे मलाही टाकता येतात, अण्णा, तुमचीच शिकवण आहे. मास्तर स्वतःच्या मुलीला झुकतं माप देतात असं गावानं म्हणू नये म्हणून तुम्ही माझ्या बाबतीत हात आखडता घेतला असेल. किंवा माझ्याकडून तुमची अपेक्षाच जास्त असेल. किंवा परक्याच्या पोराला धीर द्यावा लागतो, आपलं ते आपलंच असतं, असंही तुम्हाला वाटलं असेल. आई जाईपर्यंत मला हेच सांगत होती. मी हे सगळं मांडून बघते, मला ते पटतंही, आणि पटून झालं की पुन्हा पोटात दुखायला लागतं. तुमच्या दिवसकार्याला तो निपाणीहून आला होता. दारात उभा राहून हमसून हमसून रडला, इतका की आलेल्यांपैकी कुणीतरी विचारलं, मास्तरांचा थोरला काय हा? आई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती, आणि मी तिच्या मागं कोरड्या डोळ्यांनी उभी होते. मी परीक्षा दिली, पास झाले, मास्तरीण झाले. त्यानं तंबाखूचा धंदा बघितला, पुढं कधी एक निबंध लिहिला नाही.

लाकडाच्या कामाला खानापुरात आला की तो अजून आमच्याकडे येतो, आक्का म्हणत. आमचे हे लोंढ्याला रेल्वेत आहेत, त्यांनी तुम्हाला बघितलेलं नाही, म्हणून ते त्याला तुमच्याबद्दल खोदून खोदून विचारतात, आणि त्याला काय, तेच हवं असतं. मागच्या महिन्यात असाच आला होता. दोघं ओसरीवर बसले होते, मी आत चहाचं आधण ठेवत होते. इथं मला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी ह्या पत्रात मघापासून टाळते आहे. तुमचा चेहरा मला आठवतो. तुमचं चालणं आठवतं. तुमची वाक्यं तर मी वर भराभर लिहीत आले, पण एकही मला ऐकू येत नव्हतं. तुमचा आवाज माझ्याजवळून गेला आहे, अण्णा. कधी गेला ते कळलंही नाही. त्याच्याजवळ तो आहे. स्वतः बोलतो तेव्हा अजून भिंत पडला म्हणतो, आणि तुमची नक्कल करायला लागला की एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. “मास्तर असं बोलायचे बघा,” तो ह्यांना सांगत होता, आणि मग बाहेरून आलं, “बाय, तांब्याभर पाणी आण गं.”

“आले, अण्णा,” मी म्हणाले. मोठ्यानं. तांब्या भरून उंबऱ्यापर्यंत पोचलेसुद्धा. बाहेर टोपी घातलेला एक जाडजूड माणूस बसला होता आणि आमचे हे माझ्याकडे बघत होते. मी तांब्या तिथंच ठेवला आणि आत आले. आधण उतू जाऊन चूल विझली होती. मला रडू नाही आलं, संताप आला, की ही एवढी एक वस्तू होती आणि तीही तुम्ही त्यालाच देऊन गेलात.

हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते इथंच राहील. मळणी झाली की तो परत येणार आहे. तसं पुन्हा एकदा बोलून दाखव, असं मी त्याला म्हणणार नाही, तेवढा ताठा माझ्यात आहे. पण ह्यांना सांगून ठेवलंय की तो आला की अण्णांचा विषय काढा. मी आतच थांबणार आहे. बाहेर आले की तो दिसतो.